धुऱ्यावरची हजेरी

कुंताबाईला कॉलेजातून काढलं त्याला तीन वर्षं झाली, तरी माझं डोकं अजून शांत होत नाही. अड्याळजवळच्या लुथरन मिशनच्या त्या छोट्या कॉलेजात ती शिपाई होती आणि मी इतिहास शिकवायचो. अजून शिकवतो, लाज सोडून.

कॉलेज एकाहत्तर साली शांतवन सरांनी काढलं. पहिल्याच पावसाळ्यात वर्ग ओस पडले. सगळी पोरंपोरी धानाच्या रोवणीला, घरच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. सर चिडले नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हजेरीबुक काखेत मारून ते धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधाबांधानं, निघाले. म्हणायचे, ‘‘प्रार्थना ही देवाची चाकरी आणि रोवणीही त्याचीच. मग चिखलात उभा असलेला विद्यार्थी गैरहजर कसा?’’ दुपारी शिदोरी सुटली की धुऱ्यावरच धडा घ्यायचे.

कुंताबाई त्यांच्यासोबत जायची. पुढे ते काम तिच्यावरच आलं. अक्षरओळख बेताची, पण आकडे पक्के. धुऱ्यावरून ती नंबर ओरडायची, बांधीतून रोपांची पेंडी वर व्हायची, मग हजेरीचं टिंब पडायचं. सख्खा भाचा देवाजी एकदा झाडाखाली बिडी ओढताना सापडला, तर तिनं त्याला गैरहजर मांडलं. बहिणीनं वर्षभर अबोला धरला, पण टिंब काही पडलं नाही.

शांतवन सरांनंतर दाऊद सर प्राचार्य झाले. ते स्वतः कधी धुऱ्यावर गेले नाहीत, खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत राहिले. पण चाल मोडली नाही. ती मोडली चौऱ्याऐंशीत आलेल्या योहान सरांनी. त्यांना कॉलेजचं नाव नागपुरापर्यंत न्यायचं होतं. ‘‘हे कॉलेज आहे, मजुरांचा अड्डा नाही,’’ म्हणाले. अहो, मजुरांच्याच पोरांसाठी ते काढलं होतं! हे त्यांच्या तोंडावर कोणी बोललं नाही. मीही नाही.

पंच्याऐंशीच्या परीक्षेआधी त्यांनी रोवणीतली सगळी टिंबं रद्द केली. बाकीचे कसेबसे निभावले. अडकली कोंढा गावची एकटी रुखमिणी. बी.ए.चं शेवटचं वर्ष, हजेरी अकरा दिवसांनी कमी. सासरच्यांनी तिला एवढं एकच वर्ष दिलं होतं. परीक्षा हुकली की शिक्षण संपलं.

कुंताबाई हजेरीबुक घेऊन थेट सरांच्या खोलीत शिरली. मी तिथंच बसलो होतो.

‘‘सर, पोरगी चिखलात उभी होती. म्या आपल्या डोयानं पाह्यली. तिले गैरहजर काहून म्हनता?’’

योहान सरांनी आवाज चढवला नाही. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही लिहून द्या की हजेरी खोटी होती, दया येऊन मांडली. चूक कर्मचाऱ्याची ठरली की मी विद्यापीठाकडून मुलीला सवलत आणतो.’’ त्यांचा डाव मला कळत होता. मिशनची मंडळी अजून शांतवन सरांचं नाव घ्यायची. धुऱ्यावरची हजेरी खोटीच होती म्हणून त्या मंडळींपुढे टाकायला योहान सरांना असाच एक कागद हवा होता.

‘‘मंग माह्या नौकरीचं?’’

‘‘ते मिशन ठरवेल.’’

पेन्शनला दोन वर्षं उरली होती. कुंताबाईनं हजेरीबुक मिटून टेबलावर ठेवलं.

‘‘सर, चौदा वर्सांत म्या एक टिंब खोटं नाही मांडलं,’’ ती म्हणाली. ‘‘आना तो कागद.’’

तिनं सही केली. आठ दिवसांत तिला काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! रुखमिणी परीक्षेला बसली आणि पहिल्या वर्गात आली. योहान सरांनी वार्षिक अहवालात तिचा फोटो छापला. खाली लिहिलं, ‘ग्रामीण मुलींची उन्नती हेच आमचं ध्येय.’ रोवणीची हजेरी कायमची बंद झाली. आता पावसाळ्यात कोंढ्याच्या पोरी कॉलेजात नावच घालत नाहीत.

शिव्या मी योहान सरांना देतो, रोज देतो. पण त्या कागदावर कुंताबाईच्या सहीखाली साक्षीदाराची सही आहे. ती माझी आहे.