आप्पांची लंडनमधली घरं

आप्पांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तरी लंडन शहरातली सगळ्यांत जास्त घरं त्यांच्या मालकीची असत. दर शनिवारी दुपारी तीन ते साडेपाच, एवढ्यापुरतीच. मग मडमबाई ती हिरवी लाकडी घरं गोळा करून खोक्यात भरायच्या आणि आप्पा वहाणा पायांत सरकवून गोदामाकडे चालू लागायचे.

आप्पा आमच्या कंपनीचे गोदामवाले. कंपनी सूत विकायची. मुंबईहून गाठी यायच्या, सोलापूर स्टेशनाजवळच्या गोदामात उतरायच्या आणि तिथून शहरातल्या हातमागवाल्यांकडे जायच्या. अठरा वर्षं त्या गोदामाची किल्ली आप्पांच्या कमरेला होती. मूळचे ते दुधनीचे. घरात कानडी, गोदामात मराठी आणि विणकर आले की कामापुरती तेलुगू. मी त्याच कंपनीत टायपिस्ट होतो. वय सव्वीस, नोकरी कच्ची, बिऱ्हाड शुक्रवार पेठेत.

कंपनीचे गोरे साहेब रजेवरून परतताना विलायतेहून हा खेळ घेऊन आले. तेव्हा तो तिकडेही नवाच होता. पटावर लंडनचे रस्ते, स्टेशनं आणि एका कोपऱ्यात तुरुंग. फासे टाकून फिरायचं, सोंगटी थांबेल ती जागा विकत घ्यायची, तिच्यावर घरं बांधायची आणि दुसरा कोणी तिथं येऊन पडला की त्याच्याकडून भाडं घ्यायचं. बाकीचे सगळे भिकेला लागले की उरलेला जिंकला. साहेबांना चार गडी लागत. ते स्वतः, मडमबाई, गिरणीतला एक गोरा इंजिनियर आणि मी. मला इंग्रजी वाचता येत होतं आणि साहेबांना नाही म्हणता येत नव्हतं.

एका शनिवारी आप्पा चलनावर सही घ्यायला बंगल्यावर आले आणि व्हरांड्यात माझ्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले. साहेब डाव सोडून सही करीनात, म्हणून तासभर उभेच होते. माझी सोंगटी एका नारिंगी जागेवर पडली. मी घेऊ की नको करत होतो. मागून हलक्या आवाजात शब्द आले, "ते नारिंगी घ्या की." मी घेतली. तो डाव मी जिंकलो, आयुष्यात पहिल्यांदा. म्हातारा काय म्हणाला, हे साहेबांनी मला विचारून घेतलं. पुढच्या महिन्यात इंजिनियर रजेवर गेला, तेव्हा त्याच्या खुर्चीत आप्पांना बसवण्यात आलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसत, केव्हाही उठावं लागेल अशा बेताने.

नारिंगीच का, हे मी त्यांना गोदामात जाऊन विचारलं. मला कुठलीही गोष्ट वहीत उतरवून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हाही पडत नव्हतं. आप्पांनी मला भिंतीपाशी नेलं. तिथं गाठींच्या हिशोबाशेजारी खडूच्या रेघांच्या अकरा ओळी होत्या, दोनपासून बारापर्यंत प्रत्येक दानाची एक. बाजारातून दोन फासे आणून ते आठवडाभर, काम नसेल तेव्हा, एका गाठीवर टाकत बसले होते. सातच्या ओळीत रेघा सगळ्यांत जास्त, सहा आणि आठच्या त्याच्या खालोखाल. "ह्या खेळात समदे घडोघडी तुरुंगात जात्यात," ते म्हणाले. "तर तुरुंगातनं सुटलेला माणूस कुटं जातो ते बघा, टायपिष्टराव. सहा, आट, नऊ. तितं नारिंगी हाय." पाट्या त्यांना वाचता येत नव्हत्या, म्हणून ते पट फक्त रंगांनी आणि अंतरांनी ओळखत. आम्ही मात्र नावांना भुलून महागड्या रस्त्यांमागे लागायचो.

त्या महागड्या गडद निळ्या जागा त्यांनी कधी घेतल्या नाहीत. दोनच जागा, तिथं कोण केव्हा पडणार, असं त्यांचं म्हणणं. साहेब त्या घ्यायला सुचवायचे तेव्हा आप्पा हात जोडून "साकु" म्हणायचे. कानडीत साकु म्हणजे पुरे. हा शब्द साहेबांनाही पाठ झाला होता.

तुरुंगाबद्दलचा त्यांचा नियम एकाच डावात वेळेगणिक बदलायचा. सुरुवातीला, जागा मोकळ्या आहेत तोवर, दंड भरून लगेच बाहेर यायचं आणि मिळेल ते घ्यायचं. सगळ्या जागा गेल्या की आत बसून राहायचं. "भाईर पाऊल टाकलं की भाडं. आत काय न्हाय." मी याचं भाषांतर केलं तेव्हा साहेब मोठ्यानं हसले होते. पण सर्वांत जालीम नियम घरांचा होता. खोक्यात घरं बत्तीसच. चार घरं झाली की ती परत देऊन लाल हॉटेल घेता येतं, आणि आम्ही सगळे हॉटेलासाठी हपापलेले. आप्पा चार घरांवर थांबायचे. नारिंगी आणि फिकट निळ्या जागांवर चार-चार घरं मांडून ठेवायचे, की खोकं जवळजवळ रिकामं. साहेबांच्या हातात नोटांची गड्डी असायची आणि बांधायला घर शिल्लक नसायचं. साहेबांची मान लाल होत जायची. आप्पा पटाकडे बघत बसायचे.

खेळात दर तासाला ते दहा मिनिटांची रजा मागत. बंगल्याच्या मागच्या भिंतीपलीकडे गोदामाचं आवार आणि आवारात कंपनीने दिलेल्या दोन खोल्या. तिथं त्यांच्या पत्नी, गंगव्वा, बाजेवर असत. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली होती. दर तासाला त्यांना कूस वळवून द्यावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. मुलंबाळं नव्हती. गोदामातून खोली वीस पावलांवर, म्हणून आप्पांना नोकरी आणि हे दोन्ही जमत होतं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. गंगव्वांनी वाकड्या झालेल्या तोंडानं विचारलं, "एष्ट मनी?" किती घरं? आप्पांनी दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली आणि पुन्हा दोन दाखवली. त्या हसल्या. परत येताना आप्पा म्हणाले, "नोकरी गेली तर खोल्या जातील. खोल्या गेल्या तर हिला कुटं ठिवू? दुधनीत भाऊ हायत, पन भावजयांनी सांगून टाकलंय."  

त्या वर्षी सूत उठेना. हातमाग बंद पडत होते, गाठी छताला टेकल्या होत्या. ऑफिसात छाटणीची कुजबुज सुरू झाली. एका गुरुवारी मुंबईहून पत्र आलं. साहेबांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं आणि त्याच्या दोन प्रती टाइप करायला दिल्या. वर्षअखेर गोदाम बंद करायचं, माल भाड्याच्या शेडमध्ये ठेवायचा, तीन माणसं कमी करायची. यादीत पहिलं नाव आप्पांचं होतं. नोटीस महिन्याभराने द्यायची, तोवर कोणाला कळता कामा नये, असं साहेबांनी बजावलं. मी दोन प्रती काढल्या, कार्बन पेपर फाडून टाकला आणि जागेवर येऊन बसलो.

दुसऱ्याच दिवशी आमचे हेडक्लार्क तात्या यांनी चहा पिताना आप्पांना टोमणा मारला. "आप्पा, शनिवारी साहेबाला दिवाळखोर करता आणि सोमवारी त्याच्यासमोर उभे राहता. छाती आहे बुवा तुमची. छाटणीची यादी साहेबच करणार ना?" सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ऑफिस सुटताना ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "उद्यापासनं मी हरनार. तुमी सांभाळून घ्या."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. न सांगण्याची कारणं मी घरी जाऊन वहीत लिहून काढली होती. साहेबांनी बजावलं आहे. माझी नोकरी कच्ची आहे. मुंबईचा विचार बदलूही शकतो. तिसरं कारण खरं नाही, हे लिहितानाच मला ठाऊक होतं.

हरणं जिंकण्यापेक्षा अवघड आहे, असं आप्पांचं मत पडलं. "हरायचं, पन दिसता कामा न्हाय. सायबाला खेळ कळतोय. फसिवलं म्हनून लई राग यील." म्हणून त्यांनी आपलेच नियम एकेक करून उलटे केले. पहिल्या शनिवारी गडद निळ्या जागा घेतल्या आणि नारिंगी साहेबांना सोडली. दुसऱ्या शनिवारी घाईघाईने हॉटेलं बांधली; त्यांची घरं खोक्यात परत आली आणि साहेबांनी ती उचलली. तिसऱ्या शनिवारी दर वेळी दंड भरून तुरुंगातून बाहेर पडले आणि सहा, आठ, नऊ मोजत साहेबांच्या नारिंगी जागांवर जाऊन पडत राहिले. साहेब खूश होते. म्हाताऱ्याच्या युक्त्या आता आपल्याला उमगल्या, असं ते मडमबाईंना सांगत होते. आप्पा तासाला उठून जायचे. गंगव्वांना बोटं मात्र पूर्वीइतकीच दाखवायचे, हे त्यांनीच मला सांगितलं.

चौथ्या शनिवारी फासे त्यांच्या बाजूने पडायला लागले. काय केलं तरी आम्ही त्यांच्याच जागांवर. नियम असा होता की पुढचा माणूस फासे टाकायच्या आत भाडं मागितलं नाही तर ते बुडालं. आप्पा दुसरीकडे बघत बसायचे, खोकला आल्यासारखं करायचे. पण मडमबाई फार सरळ बाई. दर वेळी त्या आप्पांच्या दंडाला बोट लावून त्यांचं भाडं त्यांच्या हातात ठेवायच्या. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी आपल्या दोन चांगल्या जागा साहेबांना पटावरच्या एका स्टेशनच्या बदल्यात देऊन टाकल्या, आणि त्यात आपलं काय फावणार आहे याचं त्यांनी रचलेलं कारण मी भाषांतर करून साहेबांना सांगितलं. पुढच्या अर्ध्या तासात आप्पांची सगळी घरं गेली. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी आप्पांशी हस्तांदोलन केलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

बंगल्याच्या मागच्या भिंतीपाशी पोचल्यावर आप्पा थांबले. मग म्हणाले, "सायबानं हात दिला आज. आता दोन वर्सं तरी नोकरीचं बघायला नको." त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मी वहाणेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून मागे राहिलो.

सोमवारी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. भाषांतराला मी. साहेबांना वाईट वाटत होतं, ते खोटं नव्हतं. मुंबईचा निर्णय आहे, एक पगार जादा मिळेल, खोल्या महिनाअखेर रिकाम्या करायच्या, असं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. मी तीन वाक्यांत मराठी केलं. आप्पांनी एकच गोष्ट विचारली. "कवा ठरलं, तेवडं इचारा की."

साहेबांनी फाईल उघडून पत्रावरची तारीख वाचली. मी म्हणालो, "चार आठवडे होत आले."

आप्पांनी अंगठ्याने बोटांच्या पेरांवर शनिवार मोजले. चार पेरांवर थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑफिसातला प्रत्येक कागद माझ्या मशीनवरून जातो, हे गोदामातल्या हमालालाही ठाऊक होतं. त्यांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि गेले. ते दाराबाहेर पडले न पडले तोच साहेबांनी मला विचारलं, आता शनिवारी चौथा गडी कोण आणायचा.

मी त्या वसंतात नोकरीत कायम झालो. गंगव्वा दुधनीत तीन महिने होत्या, मग गेल्या. आप्पा पुढे भावाच्या जनावरांच्या गोठ्याशेजारी राहत, असं हमालांकडून कळलं. त्यानंतर काही कळलं नाही. मी पत्र लिहिलं नाही.

त्यांना पोचवायला मात्र मी स्टेशनवर गेलो होतो. सकाळची गाडी. गोदामातल्या चार हमालांनी गंगव्वांना बाजेसकट उचलून आणलं आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकावर निजवलं. आप्पा पैसे द्यायला लागले तर ते हात मागे बांधून उभे राहिले. मी मोसंबी नेली होती, ती खिडकीतून आत दिली. आप्पांनी घेतली, बाकाखाली ठेवली आणि घोंगडीची घडी करून गंगव्वांच्या पाठीशी सारली. गार्डाची शिट्टी झाली तेव्हा ते खिडकीशी आले.

"पयल्या शनिवारच्या आधीच तुमाला ठावं हुतं," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"व्हय." त्यांनी खिडकीचे गज धरले. आवाजात राग नव्हता. गोदामात गाठी मोजून झाल्यावर आकडा सांगत तसाच तो होता. "मग ते चार डाव मला जिंकू तरी द्यायचं हुतं की."

गाडी हलली. गंगव्वा काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही, आणि आप्पा गज सोडून त्यांची कूस वळवायला वाकले.