पाटलाची मोटार आणि तात्यांची जोडी

जुनी मोटार घेतलेल्या माणसाला स्वतःचे किस्से सांगावे लागत नाहीत, लोकच ते त्याला ऐकवतात. मी कुठल्याही सोयऱ्याच्या ओसरीवर पान खायला बसलो की समोरचा हळूच विचारतो, "पाटील, ते हळदीचं खरं हाय का?" मी खाली बघत हो म्हणतो, आणि मग एकामागून एक सगळेच किस्से बाहेर पडतात. आता म्हातारपणी लाज थोडी झिजलीय, तेव्हा एकदा माझ्याच तोंडून ऐका.

मुळात चूक माझी. निजामाच्या राज्यात आमच्या पाटोद्याच्या भागात मोटार फक्त एखाद्या मोठ्या अंमलदाराची दिसायची, तीही वर्षाकाठी एकदा. मला वाटलं, पाटलाच्या दारातही असावी. त्यापायी घरची देवणी बैलांची जोडी विकली, बसायची छोटी गाडी, दमणी, तीही विकली. बायको नको नको म्हणत होती. वर आणखी शहाणपणा असा, की वेशीत उभं राहून चारचौघांत बोलून बसलो, "आता पाटलाच्या घराला बैलाची गरज पडायची न्हाई." त्या एका वाक्यानं माझी अब्रू टांगणीला लागली.

*

मोटार हैदराबादेत एका दलालाकडून घेतली. तो म्हणाला, ही एका बेगमसाहेबांची, वर्षातून दोनदा ईदगाहला जायची, तेवढंच काय ते चालणं. मैल दाखवणारे आकडेही खरोखर थोडेच होते. मी खूश!

चालवायला आणि दुरुस्तीला तिथलाच याकूबभाई म्हणून ड्रायव्हर ठेवला. गावी आल्यावर त्यानं एकेक झाकण उघडलं, आत बराच वेळ डोकावला आणि सांगितलं की ते आकडे एकदा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेत. मी त्याला बेगमसाहेबांची हकिकत सांगितली.

"गए होंगे साब, ईदगाह कू," याकूबभाई हात पुसत म्हणाला, "मगर बगदाद के."

*

आता ते हळदीचं. मोटारीच्या पाण्याची टाकी गळायची. नवी टाकी मुंबईहून येणार, तिला महिने लागणार. याकूबभाईनं उपाय काढला, टाकीत मूठभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते. आणि खरंच बसली की! मला इतका आनंद झाला, की घरातून आणखी दोन शेर हळद आणून मीच ओतली.

त्याच आठवड्यात तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले. मी मोठ्या ऐटीत त्यांना नुकतीच फिरून आलेली मोटार दाखवायला नेलं. ते टाकीपाशी वाकले आणि मी कौतुकानं झाकण फिरवलं. आतलं उकळतं पाणी उसळलं. साहेब चटकन मागं सरले म्हणून भाजले नाहीत, पण पांढरीशुभ्र शेरवानी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पिवळी.

बरोबरचे शिपाई पुसायला धावले. साहेबांनी रुमालानं मिशा पुसल्या.

"पाटील, हल्दी तो लग गई. अब बारात कब है?"

ते हसले म्हणून मी वाचलो. पण त्यानंतर वर्षभर मी तहसिलीत गेलो की शिपाई मला वरातीचा दिवस विचारायचे.

*

मागच्या चाकाची ट्यूब फाटली तेव्हा दुसरी मिळेना. मग टायरमध्ये कडबा ठेचून भरला. कडब्यावर मोटार चालते, हळू चालते पण चालते. तशीच पाटोद्याच्या बाजारात नेली, लिंबाखाली उभी केली आणि मी चहाला गेलो.

परत आलो तर मोटार एका बाजूला कलली होती. टायर आधीच दोन ठिकाणी चिरलेला, त्यातून धनगराच्या शेळ्या कडबा ओढून खात होत्या. मी धनगरावर ओरडलो. तो गरीब, आधी घाबरला. मग त्यानं वाकून चाकाकडे नीट बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "पाटील, शेळ्यांचं चुकलंच. पर तुमी वैरण उघड्यावर ठिवली कावून?"

*

यापुढचा किस्सा लोकांना माहीत नाही. मलाच माहीत आहे, आणि याकूबभाईला.

चतुर्थीला मी पाव्हण्यांना मोटारीत घालून लिंबागणेशला देवदर्शनाला नेलं. देवळाच्या तोंडाशीच मोटार बंद पडली. भर जत्रेत, पाव्हण्यांसमोर, मी याकूबभाईला वाट्टेल तसं बोललो. त्याची अक्कल काढली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. नंतर कळलं की टाकीत पेट्रोलच नव्हतं. आणि पेट्रोलचा डबा सकाळी मीच घरी ठेवायला लावला होता, कारण पाव्हण्यांच्या लुगड्यांना वास लागेल!

पाव्हणे गेल्यावर मी कसंबसं म्हटलं, "याकूबभाई, चूक माझी होती."

"नको साब," तो म्हणाला. "आपका गुस्सा गाडी पे था. मैं सामने खडा था, इत्ताच."

पाव्हण्यांना मात्र मी खरं काय ते आजतागायत सांगितलेलं नाही.

*

मोटार बंद पडली की ओढून आणायला यायचे ते तात्या. तात्या म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेतकरी, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांची जोडी कितीदा आली याची गणती नाही. पुढंपुढं तर त्यांच्या बैलांना सवयच झाली. लांबून माझ्या मोटारीचा भोंगा ऐकला की ते आपणहून उठून उभे राहायचे.

तात्यांनी माझं ते वेशीतलं वाक्य मला कधीही ऐकवलं नाही. त्याची मला जास्त लाज वाटायची.

*

आता शेवटचं, पोळ्याचं.

आमच्या गावात पोळ्याला पहिला मान पाटलाच्या जोडीचा. ती वेशीतल्या तोरणाखालून गेल्याशिवाय कुणाचे बैल हलत नाहीत. तिच्यामागं तात्यांची जोडी, मग सारा गाव. मोटार घेतली त्या वर्षी मी सासुरवाडीची जोडी आणून वेळ मारून नेली. दुसऱ्या वर्षी सासरे म्हणाले, पोळा आमच्या दारात पण असतो.

जोडी नाही तर मान जाणार. बापजाद्यांपासून चालत आलेला मान माझ्या हातून जाणार! मग मी काय करावं? मोटारीलाच झूल घातली, दिव्यांना बेगड लावली आणि तिलाच तोरणाकडे घेऊन निघालो. वळवायचं चाक मी स्वतः धरलं.

तोरण पन्नास पावलांवर राहिलं आणि मोटार थांबली. याकूबभाईनं खटपट करून पाहिली, तिनं दाद दिली नाही. मागं सगळ्या गावाचे बैल सजून उभे. हलगी थांबली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामुळं ओढायला जोडी मागायची सोय नव्हती. कुणीतरी म्हणालं, तात्यांची जोडी पुढं जाऊ द्या, दिवस मावळायला लागला.

तात्या म्हणाले, "पाटलाच्या आधी माझी जोडी जायची न्हाई. माझ्या बापाची बी कधी गेली न्हवती."

त्यांनी मोटेचा नाडा, तो जाड दोर, मागवला, मोटारीला बांधला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला. मागं आणखी चौघं लागले. मी उतरायला लागलो.

"तुमी बसा पाटील," तात्या म्हणाले. "चाक धराया कुणीतरी पायजे."

याकूबभाई बाजूलाच उभा होता. चाक घ्यायला त्यानं हात पुढं केला होता. मला तो दिसला होता. तरी मी बसून राहिलो, आणि तोरणाखालून गेलो. गावात एकही माणूस हसला नाही.

मोटार दारात आली. बायको उंबऱ्यात उभी होती. तात्यांची बंडी खांद्यावर फाटली होती, आतलं कातडं सोलून लाल झालं होतं. पोळ्याच्या सणात बैलांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात, त्याला खांदेमळण म्हणतात. बायको आत गेली, वाटीत लोणी-हळद कालवून आणली, माझ्या हातात दिली आणि परत आत गेली.

मी तात्यांना ओट्यावर बसवलं आणि त्यांचा खांदा चोळू लागलो. त्यांनी मान वळवून वाटीतल्या लोणी-हळदीकडे बघितलं.

मग म्हणाले, "पाटील, खांदेमळण आदल्या दिवशी असती."