गोळी, पूजा आणि चहा

माझा स्वभाव तापट आहे, हे मी कधी लपवलं नाही. आमच्या लातूरच्या गल्लीत भाजीवाला माझ्या दारात जरा बेतानंच भाव सांगतो. पण त्या उन्हाळ्यात नांदेडला लेकीकडे असताना मला जो राग यायला लागला, त्याला काही धरबंधच नव्हता. कुकरची शिट्टी झाली की राग. पंखा हळू झाला की राग. जावई गरीब माणूस, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवतात, घरात चपला काढल्याचासुद्धा आवाज करत नाहीत. एक दिवस त्यांनी मला फक्त "मामी, पाणी आणू का?" असं विचारलं, तर मी त्यांच्यावरच खेकसले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग रडू का आलं म्हणून परत राग.

मी गेले होते लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. पहिलं रीतीप्रमाणे लातूरला, आमच्याकडंच झालं. या वेळी मोठ्या नातवाची शाळा होती, म्हणून ती म्हणाली, आई, तूच ये. महिनाभर आधीच जाऊन बसले. मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, दणदणीत आवाजाची.

आता एक सांगते, त्यात बढाई वाटली तर वाटू दे. लेकरू न्हाऊ घालावं तर मीच. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी पाळणा हलला की मला बोलावणं ठरलेलं. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, लेकरू नडग्यांवर पालथं घालायचं, तेल जिरवायचं, मग बेताच्या गरम पाण्याची धार. किती लेकरं या पायांवर झोपली असतील त्याची गणती नाही. तशी नातही झोपायला लागली.

बारसं झालं आणि माझा हात हलायला लागला. पहिल्यांदा वाटलं, थकवा. तांब्या धरला की पाणी आपोआप हिंदकळायचं. घाम तर असा की पदर पिळून घ्यावा. लोक म्हणाले, नांदेडचं ऊनच तसं. भर दुपारी नुसतं बसलेलं असताना छातीत धडधड सुरू व्हायची. बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. एकच कपाट मी तीन दिवसांत चारदा आवरलं. लेक म्हणायची, "आई, बस की गं जरा." बसले की पाय हलायचे.

एका सकाळी बाळाच्या पाठीवर पाणी घालताना हात असा थरथरला की धार सरळ तिच्या नाकातोंडावर गेली. पोरगी गुदमरली. मी पटकन उचलली, पाठीवर थोपटली, तिनं टाहो फोडला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. वर बघते तर लेक दारात उभी. ती पुढं आली. बाळ माझ्याकडून घेतलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आली. म्हणाली, "ताईंनी बोलावलंय, बाळाच्या आंघोळीला."

माझं डोकंच फिरलं. "मी मेले का गं?" मी लेकीवर ओरडले. "पैसे देऊन बाई लावायची तर मला कशाला बोलावलंस लातूरहून? भाकऱ्या थापायला?"

"आई, तुझा हात बघ," ती एवढंच म्हणाली.

"काय झालंय हाताला? काय न्हाई झालं!" मी हात पुढं केला. तो सगळ्यांसमोर लटलटा हलत होता. मी तो पदराखाली घेतला.

मग सुरू झाले सल्ले. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली, मीठमोहऱ्या ओवाळा. उदगीरच्या नणंदेनं फोनवर धन्याचं पाणी सांगितलं, ते आठवडाभर प्यायले. औषधाच्या दुकानदारानं गॅसची गोळी दिली. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या लातूरहून म्हणाल्या, "पाळी जाताना असंच व्हतंय बाई, म्या बी लई भोगलंय." प्रत्येकाचं ऐकायचे, प्रत्येकाचं पटायचं, आणि धडधड काही थांबायची नाही. रोज सकाळी न्हाणीतून बाळाचं रडणं यायचं आणि मी बाहेर येरझाऱ्या घालायची. ती बाई बरं न्हाऊ घालायची, तोच तर राग होता. मनातून मात्र मी पार घाबरले होते. वाटायचं, हृदयाचंच काहीतरी आहे, आणि ही नात माझ्या हाताला पुन्हा लागणार नाही.

शेवटी लेकीनं बाळ जावयांकडं दिलं, माझी लातूरची फाइल काखेत मारली आणि मला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली आली. रक्त तपासलं. दोन दिवसांनी परत गेलो, तर डॉक्टरीणबाई जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवून बघत होत्या.

मला थायरॉइड आहे, तीन वर्षांपासून. पन्नासची गोळी होती, मग पंचाहत्तरची झाली, मग सव्वाशेची. मी सगळ्यांना सांगायची, माझं दुखणं लई वाढलंय म्हणून.

"लातूरला असताना इतका डोस घेऊनही कमी पडत होता," त्या म्हणाल्या, "आणि इथं तोच डोस एकदम जास्त झालाय. असं कसं? गोळी कशी घेता?"

"उपाशीपोटी."

"त्यानंतर तासभर काही नाही ना?"

"न्हाई."

"लातूरला पण असंच?"

"हाव," मी म्हटलं. तोंडातून आपोआपच गेलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मी रागावणार नाही. पण मला खरं कळलं नाही तर मी पुन्हा चुकीची गोळी देईन."

लेक माझ्याकडं बघत होती. इथं नांदेडला तीच मला पहाटे बाळ उठलं की गोळी आणि कोमट पाणी हातात द्यायची, आणि तासभर चहाच्या भांड्याला हात लावू द्यायची नाही. मी मान खाली घातली आणि सांगून टाकलं.

आमचं घर लिंगायत, कापडाच्या दुकानाचं. आंघोळ करून, भस्म लावून, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय घरात कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघितलं. पूजा आटोपली की सगळ्यांचा चहा एकदम. त्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर मी गोळी गिळायची. उठल्याबरोबर घ्यावी तर पूजेच्या आधी तोंड उष्टं होणार. पूजेनंतर तासभर थांबावं तर चहा का घेत नाहीस म्हणून दहा प्रश्न, आणि तोवर दुकानाची वेळ. तेव्हा तिथं चहाबरोबरच; लेकीकडं बघायला सासरचं कुणी नव्हतं. लातूरचे डॉक्टर विचारायचे, उपाशीपोटी घेता ना, नंतर तासभर काही नाही ना? मी मान डोलवायची. आता त्या माणसासमोर कोण सांगत बसणार आमच्या घरची पूजा आणि चहा? बारावी शिकलेली बाई, एवढं साधं जमत नाही का, असं म्हणाले असते. ते डोस वाढवायचे. मी नवी गोळी घेऊन यायची आणि चहाबरोबर गिळायची.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. चहानं ती गोळी नीट लागूच होत नव्हती. म्हणून वाढवत नेली. आणि ती वाढलेली गोळी इथं रिकाम्या पोटी सगळीच्या सगळी अंगी लागली. घाम, धडधड, राग, हात, सगळं त्याचंच. डोस कमी केला. म्हणाल्या, उतरायला काही आठवडे लागतील, परत तपासू.

आम्ही रिक्षानं घरी निघालो. आनंदनगरच्या पुढं गेल्यावर लेक म्हणाली, "तीन वर्षं तू डॉक्टरशी खोटं बोललीस?"

"लाज वाटायची गं."

"आणि त्या हातानं माझं लेकरू…" ती तोंड बाहेर फिरवून रडायला लागली. मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही. त्या दिवशी मात्र सगळं ऐकून घेतलं.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना फोन लावला. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आत्याबाई, मी आता पूजेच्या आधीच गोळी घेणार. तुम्हाला चालो, न चालो."

पलीकडून त्या म्हणाल्या, "आगं, तुला नगं कोण म्हणलं? औषिद म्हंजी काय जेवान हाय का? म्या माझी बीपीची गोळी उठल्या उठल्याच घेत्ये की. इतकी वरसं!"

"तुम्ही पूजेच्या आधी घेता?"

"मंग? डोकं गरगरत असताना पूजा कोण करील? तू कवा इचारलंस का मला?"

मी फोन ठेवला. हसावं का डोकं आपटावं, कळेना. त्यांच्या गोळ्यांचा डबा मी रोज पुसून ठेवत होते. मला माझाच इतका संताप आला की दोन दिवस मी स्वतःशीच भांडत होते.

पुढचे आठवडे मी लहान पोरीसारखी वाट बघितली. धडधड कमी झाली. झोप लागायला लागली. जावयांना मी आपणहून चहा करून दिला, तर ते घाबरून उभेच राहिले. हात मात्र हट्टी. रोज सकाळी कुणी बघत नसताना मी तो समोर धरायची आणि बघायची. आता थांबेल, उद्या थांबेल. तिकडं लातूरला दुकान एकट्या आमच्या मालकांवर, लेकीच्या वडलांवर, पडलं होतं. परतीची तारीख ठरली.

निघायच्या आदल्या सकाळी लेक बाळाला उघडंच टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. पाट मांडलेला होता, पाणी काढलेलं होतं.

"बाईला आज येऊ नको म्हणलं," ती म्हणाली. "तू घाल आई. हात बरा हाय ना आता?"

नात माझ्याकडं बघून हसत होती. अंगाला तेलाचा वास. महिना होऊन गेला होता मी तिला पायावर घेतलं नव्हतं. अहाहा, कसा जीव आसुसला होता म्हणून सांगू! हाव म्हटलं असतं तर तिनं लगेच दिली असती. मी पदराखालून हात काढला आणि तिच्यासमोर धरला. बोटांची टोकं अजून हलत होती, अगदी थोडीशी. नीट बघितल्याशिवाय दिसलीही नसती.

"न्हाई गं," मी म्हटलं. "अजून हलतोय."

लेकीनं माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. ती स्वतःच पाटावर बसली, पाय लांब केले आणि लेकराला कसंबसं नडग्यांवर घेतलं. तिनं हे कधीच केलं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले, आणि मला रडू आवरेना.

"आई," ती मान वर न करता म्हणाली, "पाणी किती गरम लागतंय?"

"कोपर बुडवून बघ," मी म्हटलं.