चौदा हजार तीनशे

बाटल्यांच्या कारखान्याच्या गोदामात मामा एकतीस वर्षं मोजणीला होते. ट्रकमधून खोकी उतरायची आणि दाराशी स्टुलावर बसलेले मामा शंभर झाले की आरोळी ठोकायचे. आवाज असा खणखणीत की समोरच्या दुकानातला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा क्षणभर उचलून धरायचा. हमाल त्यांना मुद्दाम बोलण्यात गुंतवत, राजकारण काढत, त्यांच्या न झालेल्या लग्नाचा विषय काढत. "मोजणीत सुटलं," एवढंच मामा म्हणायचे आणि पुढच्याच दमात "सहाशे!" म्हणून ओरडायचे. तोंडाने गप्पा आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजणी, ही त्यांची विद्या. तिच्या जोरावर माणूस श्रीमंत होत नाही, पण नोकरी टिकते.

त्यांचा एक नियम होता, आणि त्यावरून सगळे त्यांची टर उडवायचे. मोजताना काहीही आडवं आलं तर ते समासात लिहायचं. 'बाराशे – पाऊस, ताडपत्री घातली.' 'अठराशे – साहेब बोलले.' एकदा त्यांनी 'नऊशे – शिंक' असंही लिहिलं होतं. समास कोरा ठेवून लपवालपवी करणाऱ्या मोजणीदारावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

सख्खा भाचा एकच होता, पण तो मामा म्हणतो म्हणून अख्खं गोदाम त्यांना मामाच म्हणायचं. भाच्याला सगळे टोळ म्हणत. काडीसारखे लांब पाय आणि एका जागी बसेल तर शपथ. तो लिफ्टा दुरुस्त करायचा. कामाच्या जागी कुणा परदेशी इंजिनिअरने त्याला मुठीएवढी कातडी पिशवी दिली होती, आत बारीक मणी भरलेली. फुटबॅग म्हणतात तिला. पायाने, गुडघ्याने ती हवेत ठेवायची, हात लावायचा नाही, जमिनीला टेकू द्यायची नाही. झालं, एवढाच खेळ. जगात तो मनापासून खेळणारी माणसं एका लग्नाच्या मांडवात मावतील, पण टोळाला त्याचं जे वेड लागलं ते लागलंच. त्यातही त्याला कसरती करायच्या नव्हत्या. त्याला फक्त न पाडता ठोकत राहायचं होतं. शंभर, हजार, दहा हजार.

मोजणार कोण? घरात मोजणीदार होताच.

घर दोन खोल्यांचं, मागे सिमेंटचं अंगण. मामांची ताई, म्हणजे टोळाची आई, त्या दोन खोल्यांत दप्तरं शिवायची. आई-वडील गेल्यावर तिने सात वर्षांनी लहान असलेल्या भावाला वाढवलं, नवरा गेल्यावर मुलाला वाढवलं, आणि दोघांनाही ती सारख्याच शब्दांत रागवायची. टोळाच्या पिशव्याही तीच शिवायची. बत्तीस तुकडे, आतून टाके, शेवटचा टाका तेवढा बाहेरून. "एवढ्या वेळात तीन दप्तरं झाली असती," असं म्हणत ती प्रत्येक पिशवी दोनदा उसवून पुन्हा शिवायची.

एकदा टोळ सहा हजारांवर होता. ताईने दारातून हाक मारली, "अरे, जेवायला चल, गार होतंय." त्याने मान वळवली आणि पिशवी पडली. दोन दिवस तो आईशी बोलला नाही. घोडा झालेला मुलगा, पण रुसला तो रुसलाच. तिसऱ्या दिवशी ताईने स्वतःच घरात कायदा करून टाकला.

"पिशवी हवेत असली की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी घर विझवायचं, मग त्याला सांगायचं. शेकडे काय ते मामाने ओरडायचे. कळलं?"

तेव्हा तिघंही हसले होते. पण कायदा पाळला गेला. अंगणात ठोके चालू असले की ताई मशीनसुद्धा बंद ठेवायची.

परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा टोळाला आधी खरंच वाटेना. खेळाडूने आपला एक मोजणीदार आणायचा, दुसरा त्यांचा. मामांनी आयुष्यात विमान पाहिलं होतं ते खालून. निघायच्या आठवड्यात ताईला जिना चढताना धाप लागली म्हणून मामा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, आजच दाखल व्हा. ताईने कागद घडी करून मशीनच्या खणात टाकला.

"तुम्ही परत आलात की होते दाखल. आठ दिवसांचा तर प्रश्न."

"ताई, हे बरोबर नाही."

"तुझं बरोबर तुझ्यापाशी ठेव. त्याला सांगितलंस ना, तर याद राख. तो जायचा नाही, आणि मग जन्मभर माझ्या तोंडाकडे बघत बसेल."

मामा एकतीस वर्षं साहेबाला भ्याले नव्हते, पण ताईला भ्यायचे. त्यांनी मूग गिळले.

तिकडच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने पिशवी दाबून पाहिली, आतले मणी करकरले आणि त्याचा चेहराच बदलला. भाषेची बोंब. शेवटी टोळाने रांगेतच पिशवी पायावर घेऊन वीस-पंचवीस ठोके मारून दाखवले. मागची माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि मामांच्या तोंडून सवयीने आकडे निघायला लागले. त्या माणसाने हात जोडून दोघांना आत ढकललं. मामा पुढचे दोन तास एकटेच हसत होते. तो प्रवास त्यांना फार आवडला होता, हे त्यांनी नंतर कधीही कबूल केलं नाही.

स्पर्धा एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. लाकडी जमीन, भिंतीला टांगलेल्या दोऱ्या, चाळीसएक माणसं. कुणी पाव भाजणारा, कुणी बस चालवणारा, एक बाई दाताची डॉक्टर. सगळे एकमेकांच्या पिशव्यांचे टाके बघत होते. ताईची पिशवी हातोहात फिरली. एका म्हाताऱ्याने शेवटच्या टाक्यावरून अंगठा फिरवला आणि खुणेने विचारलं, कुणी शिवली? टोळ मोठ्याने म्हणाला, "आई." तो शब्द तिथे सगळ्यांना कळला.

सकाळी दहाला टोळाने पिशवी उचलली. मामा तीन हातांवर स्टूल घेऊन बसले, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. शेजारी त्यांच्याकडची मोजणीदार, एक निवृत्त शिक्षिका, हातातल्या यंत्राची कळ दाबत होती. ठप, ठप, ठप. मिनिटाला जेमतेम शंभर. मामांनी पहिली आरोळी ठोकली तेव्हा बाई दचकली, मग हसली.

चौदा हजारांच्या पुढे मामांच्या खिशातला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मामांनी तो बाहेर काढला. ताईचा होता, आणि उगाच तीनदा फोन करणारी ताई नव्हे. त्यांनी फोन कानाला लावला. अंगठा पेरांवरून फिरत राहिला.

"अरे, मी दवाखान्यात आहे," ताई म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा इतका बारीक. "शेजारणीने आणलं. आत नेणार आहेत. म्हटलं, त्याच्याशी दोन शब्द बोलावं."

मामांनी टोळाकडे पाहिलं. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, डोळे पिशवीवर.

"चौदा हजार तीनशे!" मामा ओरडले. मग कुजबुजले, "ताई, बोलावतो. थांब, लगेच बोलावतो."

"पिशवी हवेत आहे?"

"आहे, पण..."

"मग राहू दे."

"अगं, काय राहू दे!"

"मीच कायदा केला आणि मीच मोडू? राहू दे." तिला मध्येच दम लागला. "चांगला खेळतोय?"

"चांगला."

"मला आवाज ऐकव. ठोक्यांचा. बोलू नकोस माझ्याशी, नाहीतर तुझी मोजणी चुकेल."

एकतीस वर्षांत बोलण्याने मामांची मोजणी चुकली नव्हती, आणि हे ताईइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यावरून त्यांना कळायला हवं होतं की तिच्यात आता बोलायचं त्राण नाही. कदाचित कळलंही होतं. उठून एक हाक मारायची होती, बस्स. पिशवी पडली असती, टोळ चिडला असता, मग फोन कानाला लावला असता. पण आठ वर्षं त्या घरात हवेतल्या पिशवीखाली कुणी हाक मारली नव्हती, आणि मामांच्या गळ्यातून ती निघेना. त्यांनी फोन हात लांब करून टोळाच्या पायांच्या दिशेने धरला. दर शेकड्याला ते ओरडत होते, नेहमीपेक्षा मोठ्याने, फोनमध्ये ताईला ऐकू जावं म्हणून. "चौदा हजार आठशे! चौदा हजार नऊशे! पंधरा हजार!" बाई त्यांच्याकडे वळून वळून बघत होती.

"पंधरा हजार पाचशे!" म्हणून त्यांनी फोन कानाला लावला, तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

त्यानंतर चाळीस मिनिटं ते मोजत राहिले. पिशवी एकोणीस हजार दोनशे चौसष्टला पडली. पाव भाजणारा पहिला आला होता, टोळ तिसरा. लोक त्याला मिठ्या मारत होते आणि मामा भिंतीकडे तोंड करून फोन लावत होते. फोन शेजारणीने उचलला. ताईला जाऊन अर्धा तास झाला होता.

कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर, मामांनी टोळाला सांगितलं. टोळाने एक बूट काढला, दुसरा पायात तसाच राहिला. मग म्हणाला, "तिचा फोन आला होता का?"

"नाही," मामा म्हणाले. "अचानक झालं सगळं. कुणाला काही सुचलंच नाही."

आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा समास कोरा ठेवला होता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

ते परतले. जे करायचं असतं ते केलं. तीन आठवड्यांनी एका रविवारी टोळ आईचं मशीन आवरायला बसला. मामा दारात कांदा चिरत होते. खणात दोऱ्याची रिळं निघाली, कातडीचे तुकडे निघाले, आणि डॉक्टरांचा तो घडी केलेला कागद. टोळाने तो वाचला, तारीख पाहिली, मामांकडे पाहिलं आणि उठला. आपल्या बॅगेतून त्याने स्पर्धेच्या मोजणीचा कागद काढला. परदेशातल्या लोकांनी तो कौतुकाने पाकिटात घालून दिला होता. त्याने अजून उघडला नव्हता.

त्या बाईला आपली लिपी वाचता येत नव्हती. टोळाला येत होती. शेकड्यांच्या रेघांची लांबलचक रांग, आणि शेजारी समासात, मामांच्या बारीक अक्षरात: 'चौदा हजार तीनशे – ताई.' त्याखाली: 'पंधरा हजार पाचशे – बंद.'

मामांच्या हाताने ते कधी लिहिलं, त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं.

"मामा," टोळ म्हणाला. "हे काय आहे?"

सुरी खाली ठेवून मामांनी सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. डॉक्टर, ताईची ताकीद, तीन फोन, तिचा बारीक आवाज. ती राहू दे म्हणाली तेही सांगितलं, आणि ती म्हणाली म्हणून आपण ऐकायला नको होतं, तेही.

"किती वेळ ऐकलं तिने?"

"बाराशे," मामा म्हणाले. त्यांना मिनिटं सांगता आली असती, पण तोंडातून आकडा निघाला तो हाच.

टोळ कागदावर बोट ठेवून बसला होता. रडत होता की नाही ते मामांना दिसत नव्हतं, कारण त्याने मान वर केलीच नाही.

"मी तिथेच सोडणार होतो, मामा," तो म्हणाला. "चौदा हजारांवर पोटरीत गोळा आला. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. म्हटलं, बस झालं, टाकावी खाली. तेवढ्यात तुझा आवाज चढला. एवढ्या मोठ्याने तू कधीच ओरडला नव्हतास. मला वाटलं, मामाने ओळखलं, मामा जोर देतोय. म्हणून मी रेटलं."

मामांनी सुरी पुन्हा उचलली. कांद्याचं निमित्त समोर होतं, ते त्यांनी वापरलं.

दोघं अजून त्याच घरात राहतात. टोळ मामांना कधी लागेल असं बोलला नाही. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर ताट ठेवतो. पिशवी मशीनच्या खणात आहे.

आणि मामा अजून गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसतात. खोकी उतरतात, अंगठा पेरांवरून फिरतो, समासात नोंदी होतात, मोजणी एका बाटलीनेही चुकत नाही. फक्त शंभर झाले की ते आता ओरडत नाहीत, कागदावर रेघ मारतात. नवे हमाल म्हणतात, म्हाताऱ्याचा आवाज गेला. समोरचा न्हावी पहिले काही दिवस सवयीने वस्तरा उचलून धरायचा, मग त्याचीही सवय गेली.