कॉइलओव्हर आणि शाडूचा गणपती

दुबईत पंचेचाळिशी गाठलेल्या माणसाला दोन रोग होतात, एक मधुमेह आणि दुसरा गाडी. मला दोन्ही झाले. पहिल्याचं पथ्य मी पाळतो. दुसऱ्यापायी मी दोन दारांची एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली आणि घेऊन गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण ऑफिसातल्या एका पोराने मला विचारलं, "सर, अजून कंपनीच्याच सस्पेन्शनवर चालवताय?" सूर असा, की जणू मी बनियनवर मीटिंगला आलोय. झालं! डोकंच फिरलं माझं.

पुढच्याच शनिवारी मी अबुधाबीला, मुसफ्फातल्या एका गॅरेजात जाऊन कॉइलओव्हर बसवून आलो. कॉइलओव्हर म्हणजे शॉक अब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा एकत्र दणकट जोड. त्याने गाडी हवी तेवढी खाली बसवता येते आणि प्रत्येक चाकाशी एक बटण असतं, ते फिरवून गाडी कडक किंवा मऊ करता येते. गॅरेजवाला बटणांबद्दल बरंच काही सांगत होता. मी मान हलवत गाडीचे फोटो काढत होतो.

गाडी दिसायला झकास झाली. बसायला? रस्त्यावर खजुराची बी पडलेली असली तरी ती मला कंबरेत कळू लागली. ऑफिसात मी ह्याला 'रोड फील' म्हणत असे आणि घरी गुपचूप कंबरेला पट्टा बांधत असे. बायको एकदाच बसली आणि उतरताना म्हणाली, "ह्यापेक्षा बैलगाडी बरी रे. बैल निदान दमून थांबतात तरी."

हे मला लागलं. आणि लागलं की मी हमखास काहीतरी मूर्खपणा करतो.

त्या वर्षी बायकोने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने गणपती केला होता. दुबई मरीनाला तिची एक मैत्रीण राहते, तिच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी जाऊन शाडूच्या मातीचा. सोंड तीनदा मोडली, तीनदा नव्याने केली. कान इतके पातळ झाले होते, की ती स्वतःच हात लावायला घाबरायची. शाडू भाजलेला नसतो, नुसता वाळवलेला. एक दणका बसला की संपलं. एरवी कुठलीही गोष्ट ती हसण्यावारी नेते, पण मूर्तीबद्दल बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मूर्ती करामाला आमच्या घरी आणायची होती. बायकोच्या साध्यासुध्या, मऊ गाडीतून आणता आली असती. पण मी जाहीर केलं, "बाप्पा माझ्या गाडीतून येणार!"

"अरे, वेडा आहेस का?"

"बटणं आहेत त्याला. चारही फिरवून एकदम मऊ करतो. लोण्यासारखी जाईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की ना?" तिने विचारलं. मी पार्किंगमध्ये आडवा पडून, घामाने निथळत, चारही बटणं टोकापर्यंत फिरवली आणि वर येऊन म्हणालो, "नक्की."

मरीनाहून निघालो. बायको पुढे, मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. मागच्या नावापुरत्या सीटवर पंधरा वर्षांची लेक, गुडघे हनुवटीला टेकवून. शेख झायेद रोड तसा गुळगुळीत, पण पुलांच्या सांध्यांवर ठक, ठक असं व्हायला लागलं. प्रत्येक ठकेला बायको पाट मांडीवरून उचलून अधांतरी धरत होती. हजारो दिरहम घालून मी सस्पेन्शन बसवलं होतं आणि प्रत्यक्षात सस्पेन्शनचं काम तिचे दोन हात करत होते.

"हे मऊ?" तिने विचारलं.

"ह्याहून मऊ होतच नाही," मी ठणकावून सांगितलं.

करामात शिरलो आणि पहिला गतिरोधक आला. मी गाडी मुंगीच्या पावलाने नेली, तरी मागची चाकं अशी आपटली की माझे दात वाजले. बायकोच्या तोंडून "आई गं!" निघालं. तिने रुमाल वर करून बघितलं. मूर्ती शाबूत होती. पण डाव्या कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती.

मागून लेकीचा आवाज आला. ती फोनवर वाचत होती. "बाबा, इट सेज क्लॉकवाइज इज हार्ड. विच वे डिड यू टर्न इट?"

मी कुठल्या बाजूला फिरवली ते मला चांगलं आठवत होतं. "थांब, आत्ता उलटी फिरवतो, दोन मिनिटं..." मी दार उघडू लागलो.

"नको," बायको म्हणाली. "आता तू काही म्हणजे काही फिरवू नकोस." ती मूर्ती घेऊन उतरली आणि चालायला लागली.

सप्टेंबरमधली दमट संध्याकाळ, एसीतून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ येते अशी. ती दोन्ही हातांनी पाट छातीशी धरून फुटपाथवरून चालली होती, लेक शेजारून ओढणीने वारा घालत होती. मागून मी, इंडिकेटर लुकलुकत, माणसाच्या चालीने. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला, काच खाली केली आणि ओरडला, "यल्ला, चलो भाई! स्पोर्ट्स कार है के ठेला?" खरं तर ठेलाच बरा होता. मला इतकी लाज वाटली, की कोणी गाडी फुकट मागितली असती तर किल्ली देऊन टाकली असती.

गाडी लावून मी धावत वर गेलो. दोघी दाराबाहेर उभ्या होत्या. बायकोचे दंड थरथरत होते, पदर घामाने भिजला होता. कान जागेवर होता. "चिरेवर ओली माती लावीन," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "प्रतिष्ठापना उद्या आहे. तोवर बुजेल."

आता घरात जाऊन ताम्हण आणायचं, निरांजन लावायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, म्हणजे मूर्ती कोणाच्या तरी हातात द्यायला हवी. लेकीने हात पुढे केले. तेच बरोबर होतं. मी दोन पावलं मागे सरकलो, चपला काढायचं निमित्त करून.

"तू कुठे चाललास?" बायको म्हणाली. "इकडे ये. धर."

"मी?" मी हात मागे घेतले. "अगं, तिच्याकडे दे. माझ्या हातून काही..."

"धर म्हटलं ना."

तिने पाट माझ्या हातात ठेवला. मला वाटलं होतं त्याहून तो कितीतरी जड होता. इतकं वजन हातांवर झेलत ती एवढं चालली होती, आणि मी मागून इंडिकेटर लावून येत होतो. मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुतळ्यासारखा उभा राहिलो. बोट हलवलं नाही, पापणी हलवली नाही.

ती आत जाता जाता वळली. "श्वास घे रे," ती म्हणाली. "तेवढ्याने नाही काही होत त्याला."