दोन बजेटं आणि आमचं अभ्यास मंडळ

शाली आणि किस्से, या दोन गोष्टी आमच्या मंडळात न मागता साचत जातात. शालींचं बरं असतं. गेल्या वर्षी एका पाहुण्याच्या खांद्यावर पडलेली शाल यंदा दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. किस्से मात्र माझ्याकडेच पडून राहतात, कारण पाहुणे बदलले तरी सूत्रसंचालक तोच. म्हणजे मी!

मंडळाचं नाव 'अर्थसंकल्प अभ्यास मंडळ'. अध्यक्ष आबासाहेब, म्हणजे आमच्या कॉलेजचे संस्थाचालक, मोठे बागायतदार आणि कायमचे भावी आमदार. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला दिल्लीत सरकार बजेट मांडतं, विरोधक 'आम्ही असतो तर' म्हणून आपला पर्यायी प्रस्ताव मांडतात आणि त्याच संध्याकाळी आमचं मंडळ दोन्हींची तुलना करतं. सरकारच्या बाजूनं बोलतात डॉ. गव्हाणे सर, आमचे अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. विरोधकांच्या बाजूनं लोमटे वकील. दोघांनी मिळून आजवर एकही प्रस्ताव वाचलेला नाही. मी हे चहाडी म्हणून सांगत नाही, ते स्वतःच सांगतात, तेही अभिमानानं.

*

एकदा संक्रांतीला तिळगूळ द्यायला गव्हाणे सरांकडे गेलो. सर ओसरीवर बसून भाषण लिहीत होते. 'बळीराजाला न्याय देणाऱ्या या ऐतिहासिक अर्थसंकल्पाचे मी स्वागत करतो' इथपर्यंत मजकूर आला होता.

मी म्हटलं, "सर, बजेट यायला अजून पंधरवडा आहे."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, स्वागतच करायचंय ना? त्याला बजेट कशाला लागतंय?"

तिथून निघालो तो रस्त्यात लोमटे वकील भेटले. त्यांना हे हसत हसत सांगितलं. वकील गंभीर झाले. म्हणाले, "गव्हाणे लई मागं हाय. माझा निषेध दिवाळीतच टाईप झालाय!"

*

बजेटच्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये टीव्ही लावतात. भाषण सुरू झालं की पहिली काही मिनिटं सगळे बसतात. शेती आली की निम्मे चहाला उठतात. शिक्षण आलं की उरलेले उठतात. शिक्षकच ते!

टीव्हीसमोर मग आमचा शिपाई नामदेव एकटा उरतो. त्याला एकच काम दिलेलं असतं. इन्कम टॅक्सचा स्लॅब आला की कॉलेजची घंटा वाजवायची. घंटा झाली की कँटीनमधून, लायब्ररीतून, मुतारीतून प्राध्यापक धावत येतात. त्या वेळेला वर्गातली पोरंही सुट्टी झाली म्हणून घरी जातात, आणि त्यांना कुणी अडवत नाही.

एका वर्षी नामदेवनं घंटा वाजवलीच नाही. सगळे त्याच्यावर तुटून पडले. गव्हाणे सर तर ओरडलेच. "काय करत हुतास बे?"

नामदेव म्हणाला, "शेतीचं ऐकत हुतो, सर. माझी शेती हाय ना. तुमचं कवा निघून गेलं, कळलंच न्हाई."

*

लोक आमच्याकडे येत नाहीत तर आपण लोकांकडे जावं, असं आबासाहेबांच्या डोक्यात आलं. विषय ठरला 'ऊसतोड मजुरांसाठी कोणता प्रस्ताव हिताचा?' गाव ठरलं घाटनांदूरच्या पलीकडची एक वस्ती, जिथलं घरटी माणूस ऊसतोडीला जातं. मंडप घातला, दोनशे खुर्च्या मांडल्या, पार सिरसाळ्याहून साऊंड मागवला.

समोर बसली सात म्हातारी माणसं आणि एक शेळी. बाकी सगळ्या घरांना कुलपं.

आबासाहेबांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "लोकं कुठं हायेत?"

म्हातारा म्हणाला, "उसात गेल्यात की! दिवाळी झाली की जातेत, गुढीपाडव्याला येतेत. तुमी ह्या जिल्ह्यातलेच का?"

मंडळात एक डॉक्टरेट, एक वकील, एक भावी आमदार, आणि फेब्रुवारीत ऊसतोड्यांच्या गावात माणूस नसतो हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. तरी भाषणं झाली. दोघांनीही पाऊण पाऊण तास रिकाम्या खुर्च्यांना 'माझ्या कष्टकरी बांधवांनो' म्हटलं. शेळीनं झेंडूची माळ खाल्ली. संध्याकाळच्या सगळ्या खटाटोपात कुणाच्या पोटात काही गेलं असेल तर तिच्याच.

*

त्या वस्तीवरची संगीता माझी विद्यार्थिनी. बी. ए.चं एक वर्ष शिकली, मग लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर कोयता हातात आला. पाडव्याला गावी परतल्यावर तिला आमच्या सभेची बातमी लागली. कॉलेजात येऊन तिनं मला धरलंच.

"सर, आमी नसताना कावून आलतेत?"

मी तिला बसायला खुर्ची दिली.

"आलतेत तर आलतेत. माझं एक काम करा. माझी पूजा चौथीत हाय. सासू गेल्यापासून तिला ठिवायला घरात कुणी न्हाई. आमच्यासंग उसात आली की शाळा गेली. तिथं ती धाकट्याला सांभाळती, भाकरी करती. सरकारचं बघा, विरोधकांचं बघा. पोरीच्या राहायची सोय कुणाच्यात हाय तेवढं मला सांगा. मी त्याच्या नावानं टाळ्या वाजवीन."

इतका सरळ प्रश्न मंडळाला आजवर कुणी विचारला नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत मी तो माईकवरून विचारला.

गव्हाणे सर म्हणाले, "हा विषय राज्याचा आहे."

लोमटे वकील म्हणाले, "हा विषय केंद्राचा आहे."

आबासाहेबांनी अध्यक्षीय समारोप केला. "हा विषय चांगला आहे."

टाळ्या पडल्या! मला त्या दिवशी माईक फेकून निघून जावंसं वाटलं होतं. गेलो नाही, कारण आभारप्रदर्शनही माझ्याकडेच होतं.

*

तुलना लोकांना दिसली पाहिजे म्हणून एकदा मोठा फ्लेक्स केला. डावीकडे सरकारचा प्रस्ताव, उजवीकडे विरोधकांचा. फ्लेक्सवाल्यानं घाईत डावीकडचाच मजकूर उजवीकडेही चिकटवला आणि वर मथळा तेवढा बदलला. शब्द न् शब्द तोच!

गव्हाणे सर डाव्या बाजूला काठी लावून म्हणाले, "बघा, ही दूरदृष्टी!" लोमटे वकील उजव्या बाजूला काठी लावून म्हणाले, "या दूरदृष्टीपेक्षा ही माणुसकी बघा!" दोघं एकाच ओळीवरून घसा बसेपर्यंत भांडले. श्रोत्यांतही दोन गट पडले. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली.

सभा संपल्यावर मी हळूच आबासाहेबांना फ्लेक्स दाखवला. ते बराच वेळ कधी इकडे, कधी तिकडे बघत राहिले. मग खूश होऊन म्हणाले, "म्हणजी दोघंबी बरोबर हुते!"

त्याच संध्याकाळी उसातून संगीताचा फोन आला. "सर, झाली का तुलना? माझं निघालं का काही?"

दोन्ही बाजूंना सारखंच होतं, म्हणजे काहीच नव्हतं. तसं तिला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. मागून कुणीतरी पूजाला पाण्याला हाक मारत होतं.

*

मग ते पक्षांतराचं वर्ष आलं. आबासाहेब सरकारी बाजूला गेले. आबासाहेब गेले म्हणून लोमटे वकीलही गेले. गव्हाणे सर तिथं आधीपासूनच होते. आता विरोधकांच्या बाजूनं बोलायला कुणीच उरलं नाही, आणि तुलना तर व्हायलाच पाहिजे, हॉल बुक होता!

आबासाहेबांनी तोडगा काढला. "टॉस करा. जो हरंल तो विरोधक."

गव्हाणे सर हरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विरोधात बोलायचं होतं आणि लिहिलेलं भाषण नव्हतं. नाइलाजानं त्यांनी दुपारी दोन्ही प्रस्ताव वाचले! संध्याकाळी असं बोलले की चहाला उठलेलेही परत येऊन बसले. सरकारनं काय टाळलं ते सांगितलं, विरोधकांनी काय उगाच फुगवलं तेही सांगितलं. मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस खरंच शिकलेला आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांना संस्थेची नोटीस आली. सर धावत आबासाहेबांकडे गेले. "साहेब, तुम्हीच तर बोला म्हणालात!"

आबासाहेब म्हणाले, "बोला म्हनालो हुतो. खरं बोला कुनी म्हनालं हुतं?"

पुढच्या वर्षीपासून सर पुन्हा संक्रांतीला स्वागत लिहू लागले.

*

आता यंदाचं ऐका.

निवडणूक जवळ आली, तेव्हा आबासाहेबांना ती रिकामी वस्ती आठवली. या खेपेला सभा थेट उसाच्या फडात ठरली. सकाळी गाडी काढली, घाट ओलांडला आणि दुपारी फडावर पोचलो. गाडीत ड्रायव्हर, आबासाहेब, गव्हाणे सर, लोमटे वकील, मी आणि शाली. यंदाही टॉस झाला होता आणि यंदाही गव्हाणे सरच हरले होते, पण या वेळी शहाणे होऊन काही न वाचता आले होते.

तोड थांबवायला कुणी तयार होईना. ट्रॅक्टर भरायचा होता. संगीता मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढता चढता म्हणाली, "बोला की तुमी! कानाला काय काम हाय? आमी ऐकतोत."

तर दोघं ट्रॅक्टरशेजारी उभे राहून बोलले. पाचटाच्या कोपीपुढे, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढे, पूजा धाकट्या भावाला शेजारी घेऊन ऐकत होती. ती बघून गव्हाणे सरांना भरून आलं. "ही लेकरं परकी नाहीत. ही माझ्याच घरची लेकरं आहेत!" लोमटे वकील मागं कसे राहतील! "माझ्या घराचं दार या लेकरांसाठी कायम उघडं आहे!" आबासाहेबांनी डोळ्याला रुमाल लावला.

संगीतानं मोळी टाकली, खाली उतरली, हात पुसले आणि कोपीत गेली. आली ती पूजाचं दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन. धाकट्याला तिनं जवळ ओढलं आणि पूजाला आमच्या गाडीत मधल्या सीटवर बसवलं.

"दोघांच्याबी घरची हाय म्हनता. आता कुणाच्या घरी ठिवायची ते वाटंत ठरवा. पाडव्याला मी येऊन नेते. शाळा बुडू देऊ नका." मग माझ्याकडे वळली. "सर, तुमी संग हायेत म्हणून धाडते. कुणाच्या मालकिणीच्या हातात दिली, तेवढं फोन करून सांगा."

फडातले सगळे कोयते थांबले होते. 'नाही' म्हणायला तोंड कुणाला होतं! गाडी निघाली.

एका बाजूला गव्हाणे सर, एका बाजूला लोमटे वकील, मध्ये दप्तर मांडीवर घेतलेली पूजा. घाट येईपर्यंत दोघं आपापल्या खिडकीतून बाहेरचा ऊस बघत होते. मग सर म्हणाले, आमच्या वरच्या मजल्याला रंग द्यायचाय. वकील म्हणाले, आमच्या मिसेसचा गुडघा दुखतोय. सर म्हणाले, वकिलांचं घर शाळेच्या जवळ आहे. वकील म्हणाले, सरांच्या घरी अभ्यासाचं वातावरण आहे. मागच्या सीटवरून मी ऐकत होतो. एका खोलीत भाड्यानं राहणारा सडा माणूस मी, मला कुणी विचारलंही नाही. पण इतकी बारीक तुलना त्या दोघांनी आयुष्यात केली नव्हती!

गावाच्या अलीकडच्या पालीच्या धरणाचं पाणी दिसू लागलं तसा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आधी कुणाच्या घरी घेऊ?"

आबासाहेबांनी खिशात हात घातला, नाणं काढलं आणि मागं वळले. "लई वाद नको. टॉस करू."

पूजानं दप्तर छातीशी घट्ट धरलं.

"नका करू," ती म्हणाली. "जो हरंल त्याच्या घरी मला न्हाई ऱ्हायचं."