खरवडीचं कोरियन नाव

पोलादपूरजवळच्या कापडे गावच्या सहदेवाला कुणी कोरियाचा राजदूत म्हणून दिल्लीला बसवलं असतं, तर कोरियाचं काय झालं असतं देव जाणे. पण ठकूबाईच्या घरातली कटकट नक्की कमी झाली असती.

सहदेव हा ठकूबाईचा नवरा. मुंबईला पवईत एका कोरियन साहेबाच्या घरी तो आठ वर्षं स्वयंपाकी होता. साहेबाची बदली झाली, तो बायकामुलांना घेऊन आपल्या देशी गेला आणि दोन हजार चारच्या शिमग्याला सहदेव कायमचा गावी आला. येताना त्यानं विजेवरचं भाताचं भांडं आणलं, जेवायच्या स्टीलच्या काड्यांचे दोन जोड आणले, काळ्या वाळक्या पानांचं एक पाकीट आणलं आणि आपली जीभ आणली. भांडं कापड्याच्या विजेला झेपलं नाही. काड्या ठकूबाईनं परकराची नाडी ओवायला घेतल्या. पाकीट सहदेवानं पेटीत ठेवून कुलूप लावलं. उरली जीभ, तिला लावायचं कुलूप काही घरात नव्हतं.

ठकूबाई पहाटे उठून चूल पेटवी. लावणी, झोडणी, गुरं, पोरं हे सगळं तिनं इतकी वर्षं एकटीनं ओढलं होतं. आता नवरा घरी आला म्हणजे चार हात होतील असं तिला वाटलं. हात काही वाढले नाहीत, फक्त जेवणारं एक तोंड वाढलं, आणि ते तोंड घास घेण्याआधी बोलायला लागे.

"भात मऊ झाला गो. आमच्याकडं असा करीत नाय."

"आमच्याकडं म्हंजे कुटं?" ठकूबाई विचारी.

"पवईला."

संध्याकाळी पारावर त्याचं व्याख्यान सुरू होई. "किमची काय, कुनालाबी ठाव हाय. खरी चव असते ती आतल्या पदार्थांना. ते भायेरच्या मान्साला ठावच नसतात." कापड्यात किमचीसुद्धा कुणी ऐकलेली नव्हती, पण अशा बारीकसारीक गोष्टींनी जाणकाराचं अडत नाही. लोक माना डोलवत. गावंढ्या गावात गाढवी सवाष्ण म्हणतात, तसा सहदेव कोरियाचा शास्त्री झाला.

ठकूबाईला मात्र वेगळंच वाटायचं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या हाताला चव आहे असं सगळा गाव म्हणे, मुंबईची माणसं म्हणत, आणि तिनं त्याच्या हातचा घासभरही कधी खाल्ला नव्हता. एकदा, एकच डाव, आपण पाटावर बसावं आणि ह्यानं वाढावं, एवढीच तिची इच्छा होती. लाज सोडून ती एकदा म्हणाली, "अवो, त्यातलं कायतरी करून घाला की एक दिस."

"सामान नाय मिलत हितं," सहदेव म्हणाला. "अर्धवट करून पदार्थाची अब्रू काडायची नाय मला."

पेटीतल्या पाकिटाला ती एकदा हात लावायला गेली, तर म्हणाला, "त्याला हात नको लावू. ते खास हाय."

दिवाळी झाल्यावर सहदेव सातबाऱ्याच्या कामासाठी महाडला श्रीधर वकिलांकडे गेला. काम राहिलं बाजूला, वकिलांच्या ओटीवर त्यानं कोरिया मांडला. वकिलांच्या पत्नी प्रमोदिनीबाई शाळेत शिक्षिका होत्या आणि महिला मंडळाचा पाककृतीचा वर्गही चालवत. कुकरमधला केक झाला होता, मंच्युरियन झालं होतं, मंडळाला पुढे कुठल्या देशात न्यावं या चिंतेत त्या होत्याच.

"सहदेव, पुढच्या शनिवारी तुम्ही आमच्या वर्गात या," त्या म्हणाल्या. "फक्त मासे-मटण नको. आणि सगळ्यांना माहीत असलेलं नको. काहीतरी दुर्मीळ दाखवा."

दुर्मीळ म्हटल्यावर सहदेव फुलला. सामान एका दिवसात मिळालं. मिळायचं काय होतं? मूग, तांदूळ आणि पातीचा कांदा. मूग तर ठकूबाईच्याच शेतातले. वाटण-घाटण करायला आणि भांडी घासायला माणूस हवं, म्हणून त्यानं ठकूबाईलाही एसटीत बसवलं. निघताना पेटी उघडून ते काळं पाकीट पिशवीत टाकलं. ठकूबाईनं ते पाहिलं.

महाडला प्रमोदिनीबाईंच्या हॉलमध्ये पंचवीसेक बायका वह्या घेऊन बसल्या होत्या. सहदेवानं पांढरा अॅप्रन बांधला. पहिला पदार्थ बिंदेत्तोक. भिजवलेले मूग वाटायचे, त्यात पातीचा कांदा आणि मोड आलेली कडधान्यं घालायची आणि तव्यावर जाडसर घालून तेलावर खरपूस भाजायचं. बायकांनी अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. मुगाची धिरडी ठकूबाईनं जन्मभर घातली होती, पण पिकतं तिथं विकत नाही. "किती हलकं आणि वेगळं!" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. ठकूबाई मोरीजवळ लसूण सोलत होती.

दुसरा चंगफोमुक. मुगाचं सत्त्व शिजवून थापलेली, दुधी काचेसारखी, लिबलिबीत वडी. वर तिळाचं तेल आणि सोया सॉस. एका बाईनं चाखून भीतभीत विचारलं, "याला चव काय असते नक्की?"

"चव नसनं हीच त्याची चव," सहदेव म्हणाला, आणि सगळ्या बायकांनी समजल्यासारखी मान हलवली.

तिसऱ्या पदार्थाला ठकूबाईचे हात थांबले. सहदेवानं शिजलेला भात कढईत पातळ पसरला आणि मंद आचेवर खालून तांबूस होईतो लावला. "ही नुरुंगजी," तो म्हणाला. "मूळ पदार्थ म्हंजे भाताच्या भांड्याला तळाशी धरलेली खरवड. त्यावर गरम पानी वतलं की सुंगन्युंग. मॅडमला ह्ये लय आवडायचं. भात नसला तरी चालंल, पन जेवनाच्या शेवटी ह्ये पायजेच. मी मुद्दाम लावून ठेवायचो त्यांच्यासाटी."

ठकूबाई बघत राहिली. लग्न झाल्यापासून ती हेच खात आली होती. सासू-सासरे, दीर, पोरं, पाहुणे जेवून उठले की टोपाला जे धरलेलं असे, त्यावर पाणी ओतून उकिडवी बसून ती खायची. त्याला नाव असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि शेवटी ते पाकीट फुटलं. काळी पानं पाण्यात टाकताच फुगून हिरवी झाली. समुद्रातलं शेवाळ ते, त्याचं सूप. मूळ पाककृतीत मांसही पडतं, ते सहदेवानं शिताफीनं गाळलं.

"ह्ये मियोकगुक," तो म्हणाला. "बालंतिनीला देतात. अठ्ठ्यान्नवच्या गनपतीत मॅडमला दुसरं बाल झालं. तीन आठवडे मी चुलीपासून हाललो नाय. सकाल-संध्याकाल हातात गरम वाडगा नेऊन द्यायचो. सायब म्हनाला, सनाला गावी जा. सुट्टी दिलीवती त्यानं. मीच घेतली नाय. म्हनलं, बालंतिनीची आबाल व्हईल."

"याला म्हणतात निष्ठा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या.

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीतच ठकूबाईला सेजल झाली होती. तेव्हा गणपतीला आलेल्या चाकरमान्याबरोबर सहदेवाचा निरोप आला होता, साहेब सुट्टी देत नाही. शेजारच्या रंगूबाईनं पेज आणून दिली, त्यावर पाचवी पुजली आणि ठकूबाई स्वतःच चुलीशी बसली. सहा वर्षं तिनं त्या न पाहिलेल्या साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. बिचाऱ्याला विनाकारण. तिला इतका संताप आला की हातातली कढई आपटावी असं वाटलं, पण कढई प्रमोदिनीबाईंची होती.

बायकांनी सगळं चाटूनपुसून संपवलं. सहदेवाला शाल-नारळ दिला. प्रमोदिनीबाई मोरीपाशी येऊन ठकूबाईला मायेनं म्हणाल्या, "भाग्यवान आहात हो. घरी रोज मेजवानी."

"तर वो," ठकूबाई म्हणाली.

परतीच्या एसटीत सहदेव शाल पांघरूनच बसला होता. पोलादपूर येईपर्यंत त्यानं तीनदा विचारलं, "कसं झालं गो?"

"चांगलं झालं," ती तीनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वालाचं बिरडं केलं, नारळ त्या सत्कारातलाच फोडला. भात शिजल्यावरही टोप विस्तवावर तसाच राहू दिला. सहदेव शाल कुणाकुणाला दाखवून घरी येईतो तिनं सेजलला पाटावर बसवलं, शेजारी स्वतः बसली, आणि दोघींनी वाफाळता भात पोटभर खाल्ला. मग टोपात गरम पाणी ओतलं, उलथन्यानं तळ खरवडला, वाडगा भरला, बाजूला स्टीलच्या काड्या मांडल्या.

"बसा," सहदेव आल्यावर ती म्हणाली.

"ह्ये काय?"

"सुंगन्युंग." एक अक्षर चुकलं नाही.

सहदेव हसला. "अगो, ह्ये जेवनाच्या शेवटी असतं."

"जेवान झालं आमचं."

"आनि भात?"

"व्हता."

त्यानं टोपात डोकावून पाहिलं. बिरड्याचं पातेलंही पाहिलं. मग पाटावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू रागावलीस काय?"

"रागावू कशाला? सेजलच्या टायमाला माज्या वाटनीला ह्येच व्हतं. तवा त्याला नाव नव्हतं, एवडंच." तिनं वाडगा त्याच्या पुढे सरकवला. "खावा. निवंल."

सहदेवानं काड्या बाजूला ठेवल्या आणि वाडगा तोंडाला लावला. संपल्यावर तो उठला, मागच्या दारी गेला आणि वाडगा स्वतः धुऊन पालथा घातला. नीट धुतला नव्हता. ठकूबाईनं तो परत घासून घेतला.